फ्रेझर नदीवर स्टर्जन गरवायला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

व्हँकुव्हर, सरे, बर्नबी भागात नव्याने आलेल्या मराठी मंडळींत उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास निघतो: फ्रेझर नदीत म्हणे दहा-बारा फुटी मासा आहे, तो गरवायला जायचं तर काय करायचं?

पहिली गोष्ट, हा मासा खायला मिळणार नाही. फ्रेझरमध्ये गळाला लागलेला प्रत्येक स्टर्जन, हातभर असो की होडीएवढा, पाण्यात परत सोडावा लागतो. १९९४ पासून इथे तो ठेवून घ्यायला बंदी आहे. तेव्हा गाबोळीची स्वप्नं बाजूला ठेवा आणि जेवणाचा डबा घरून न्या. पुढे सांगितलेली बहुतेक तयारी, म्हणजे जाड दोरी, उलटा काटा नसलेला गळ, होडीचा नांगर झटकन सोडायची सोय, ही सगळी मासा लवकर हाती येऊन धडधाकट परत जावा म्हणून आहे.

१. मासा कसा आहे ते समजून घ्या

हा व्हाइट स्टर्जन, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला सर्वांत मोठा मासा. शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो. मादी प्रजननाला यायलाच बहुधा वीस वर्षांच्या आसपास जातात आणि त्यानंतरही ती दर वर्षी अंडी घालत नाही. एक मोठी मादी मेली तर नदीचं किती नुकसान होतं, ते यावरून लक्षात येईल.

तोंड खालच्या बाजूला, दात नाहीत. तोंडापुढे चार मिशा. शिंगाळ्यासारख्याच, त्याही तळ चाचपायला. खाद्याचा वास लागला की तोंड नळीसारखं बाहेर काढून ते ओढून घेतो. अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच ओळी: पाठीवर एक, दोन्ही कुशींना एकेक, पोटाकडे दोन. लहान माशांच्या ढाली मोठ्यांपेक्षा धारदार असतात. दोन फुटांचा मासा उघड्या हाताने पकडायला गेलात तर तळहात फाटतो.

२. परवाने: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

मिशन गावाजवळचा रेल्वेपूल लक्षात ठेवा, कॅनेडियन पॅसिफिकचा. त्याच्या खाली, समुद्राच्या बाजूला, नदी भरती-ओहोटीचं पाणी मानली जाते आणि तिथे केंद्र सरकारचा 'टायडल वॉटर्स' परवाना लागतो. पुलाच्या वर, चिलिवॅक आणि होपच्या बाजूला, प्रांताचा, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचा (बी.सी.), 'नॉन-टायडल' म्हणजे गोड्या पाण्याचा परवाना लागतो आणि त्याच्या जोडीला 'व्हाइट स्टर्जन कॉन्झर्व्हेशन लायसन्स' वेगळं घ्यावं लागतं. गोड्या पाण्याचा परवाना आहे, पण स्टर्जनचं लायसन्स घेतलं नाही, अशी चूक नवख्यांकडून फार होते. सकाळी पुलाखाली आणि दुपारी पुलाच्या वर गरवणार असाल तर दोन्हीकडचे परवाने हवेत.

प्रांताचे परवाने ऑनलाइन मिळतात, पण आधी 'फिश अँड वाइल्डलाइफ आयडी' काढावा लागतो. त्यासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे तपासले जातात. हे काम सहलीच्या आदल्या रात्रीवर टाकू नका, चांगले दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

रहिवासी कोणाला म्हणायचं, याची व्याख्या दोन्ही सरकारांची वेगळी आहे. प्रांताच्या हिशेबात नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट असाल तर मागच्या बारा महिन्यांतल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस तुम्ही इथे असायला हवं. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असाल तर ही अट पुऱ्या बारा महिन्यांची होते. म्हणजे जानेवारीत आलेला विद्यार्थी जुलैमध्ये स्वतःला बी.सी. रहिवासी म्हणवून स्वस्तातला परवाना घेऊ शकत नाही. केंद्राच्या परवान्यासाठी मात्र नेहमीचं वास्तव्य कॅनडात आहे का, एवढंच पाहतात. चुकीचा रकाना भरून घेतलेला परवाना तपासणीत चालत नाही.

भारतातून आलेल्या आई-बाबांनी 'नुसती दांडी धरली' तरी ते गरवणंच झालं. त्यांच्या नावाचा परवाना हवा. एका दिवसाचा मिळतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचे नियम वेगळे आहेत, ते परवाना काढतानाच वाचून घ्या. गाइड घेतला तरी परवाना तुमचा तुम्हालाच काढावा लागतो.

खिशात असू द्या:

- वरचे परवाने, फोनवर आणि छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात (फोन पाण्यात पडतात)
- फोटो असलेलं ओळखपत्र
- मोटारची होडी स्वतः चालवणार असाल तर 'प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड'. भाड्याच्या होडीसाठी तिथे भरून देतात ती तपासयादी
- त्या आठवड्यातल्या नियमबदलांची नोंद

शेवटचा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण फ्रेझरवर हंगामाच्या मध्येच नियम बदलतात. परवाना वर्षाचा, १ एप्रिल ते ३१ मार्च. नियम मात्र त्या आठवड्याचे पाहायचे. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रांताचं नियमबदलांचं पान आणि केंद्राच्या मत्स्यखात्याच्या सूचना दोन्ही पाहा.

३. केव्हा जायचं

डोंगरावरचं बर्फ वितळून मेअखेर ते जून नदीला मोठा पूर असतो. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त आणि अख्खे ओंडके वाहत येतात. नवख्याने या दिवसांत स्वतःची होडी घालू नये. अंडी घालण्याचा काळही हाच. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत होप आणि अ‍ॅगसिझच्या दरम्यान, हर्लिंग बेटासारख्या ठिकाणचे काही उपप्रवाह स्टर्जनसाठी बंद असतात. नकाशावर त्यांच्या सीमा पाहून ठेवा. नदीवर पाटी दिसेलच असं नाही.

जुलैच्या मध्यापासून पाणी उतरतं, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि काठावरून गरवणं सोपं होतं. होपच्या मापन-केंद्राचे प्रवाहाचे आकडे ऑनलाइन रोज दिसतात. आठवडाभर ते पाहत राहिलात तर पाणी चढतंय की उतरतंय हे कळतं. झपाट्याने चढत्या पाण्यात गाळ आणि काटक्या दोरीला लपेटून शिसं जागेवर ठरू देत नाहीत.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टींचा विचार करा. पाणी तापून वीस अंशांच्या जवळ गेलं की माशाला दम लवकर लागतो, तेव्हा गरवणं सकाळीच उरकलेलं बरं. शिवाय याच सुमारास सामन (सॅल्मन) मासे नदीत वर चढतात आणि स्टो:लो व इतर फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जाळी ठरावीक दिवशी नदीत पडतात. तो त्यांचा हक्क आहे. वाहत्या जाळ्याच्या वाटेत नांगर टाकून बसायचं नाही. जाळं येताना दिसलं की आपण उठायचं.

४. गाइड, काठ की स्वतःची होडी

पहिल्या खेपेला गाइड घ्या, असं आमचं सरळ मत आहे. मिशन, चिलिवॅक, हॅरिसन, अ‍ॅगसिझ इथून त्यांच्या होड्या सुटतात. भाडं सहसा माणशी नसून होडीमागे असतं, त्यामुळे चार जण मिळून गेलात तर परवडतं. ठरवताना विचारा: दांड्या आणि आमिष भाड्यात धरलंय का, दिवस किती तासांचा, होडीवर शौचालय आहे का (घरची मोठी माणसं असतील तर हा प्रश्न पहिला), आणि माशाच्या अंगात बसवलेली क्रमांकाची खूणचिप्पी (पुढे दहाव्या मुद्द्यात पाहा) तपासायचं यंत्र आहे का. आणखी एक, केळी नेऊ नका. होडीवर केळं अपशकुनी, असं इथले बरेच गाइड मानतात. आपल्याला पटो न पटो, सकाळी सकाळी नाखव्याचं तोंड वाकडं कशाला करा?

काठावरून गरवायचं तर लँगलीजवळ डर्बी रीच रीजनल पार्कमधला एजवॉटर बार सोयीचा आहे. गाडी जवळ नेता येते, सपाट वाळू आहे. तो रेल्वेपुलाच्या खाली येतो, म्हणजे टायडल परवाना. इतर ठिकाणी वाळूच्या पट्ट्यावर उतरण्याआधी जमीन खाजगी किंवा राखीव क्षेत्रातली नाही ना, ते पाहा.

स्वतःची होडी असेल तर चिलिवॅकच्या आयलंड २२ पार्कात उतरवायची सोय आहे. पण मिशनच्या वर नदी गोट्यांच्या उथळ पट्ट्यांतून फाटत जाते. तिथे पाण्याखालच्या पंख्याची होडी गोट्यांवर आपटते, म्हणून तिथले लोक जेट इंजिन वापरतात. वाट माहीत नसेल तर पुलाखालच्या खोल पाण्यातच राहा.

५. सामान

- दांडी: आठ ते नऊ फूट, जड माशांसाठीची, टोक मात्र नरम. टोक कडक असेल तर माशाचा हलका स्पर्श दिसत नाही.
- रील: मोठं, आडव्या फिरकीचं, चांगल्या ब्रेकचं. अडीचशे-तीनशे यार्ड दोरी मावली पाहिजे.
- मुख्य दोरी: विणलेली, ८० ते १३० पाउंडांचा ताण सोसणारी. साधं तंगूस इथे कामाचं नाही, ते ताणतं आणि गळ नीट रुतत नाही.
- गळाची दोरी: दीड ते दोन फूट, मऊ विणलेली, १०० ते १३० पाउंडांची. लांब ठेवलीत तर मासा गळ खोल गिळेपर्यंत वर काही कळत नाही.
- गळ: ७/० ते ९/०, एकेरी, उलटा काटा नसलेला. ही अट कायद्याची आहे. साधा गळ असेल तर पकडीने काटा पूर्ण दाबा, मग कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहा. धागा अडकला तर अजून दाबायचाय.
- शिसं: २२५ ते ६०० ग्रॅम, प्रवाह पाहून. ८, १२, १६ आणि २० औंसांची दोन-दोन न्या.
- सरकणारी कडी, मणी, जाड फिरकी-कडी, लांब चिमटा, दोरी कापायची कात्री.

जोडणी अशी: मुख्य दोरीत आधी सरकणारी कडी ओवा, मग मणी, मग फिरकी-कडी बांधा आणि तिला गळाची दोरी. शिसं सरकत्या कडीला थेट अडकवू नका. वीस-तीस पाउंडांच्या साध्या तंगुसाच्या वीतभर तुकड्याने बांधा. शिसं खडकात अडकलं तर तेवढा तुकडा तुटतो, बाकी सगळं परत येतं. मासा लागलेला असताना शिसं अडकलं तर तोही याच तुकड्यामुळे सुटतो, नाहीतर दोरी घेऊन तिथेच जखडून पडेल.

विणलेल्या दोरीला नेहमीची गुंडाळगाठ घालू नका. ओली झाली की ती सरकते. पालोमार गाठ घाला, आवळण्याआधी ओली करा आणि पायाखाली दोरी दाबून दोन्ही हातांनी ओढून पाहा.

एका माणसाला एकच दांडी. 'दुसरी नुसती ठेवलीय' हे कारण चालत नाही.

६. आमिष

सामनची गाबोळी उन्हाळ्यात चांगली चालते, आणि नवख्याला तीच सोपी. मीठ लावून टिकवलेली दुकानात मिळते. लिंबाएवढा गोळा बायकांच्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यात घ्या, पुरचुंडी करून लवचिक दोऱ्याने घट्ट गुंडाळा. गळ पुरचुंडीतून आरपार काढा आणि टोक पूर्ण उघडं ठेवा. गाबोळीत टोक बुडालं तर मासा आमिष चोखून जातो आणि तुम्ही दांडीकडे बघत बसता. गळाच्या दोरीचा एक वेढा पुरचुंडीभोवती द्या, म्हणजे फेकताना ती घसरणार नाही.

गाबोळीचा वास वाहत्या पाण्यात लवकर धुऊन जातो. वीस ते तीस मिनिटांनी बदला, मासा आलेला असो वा नसो. दिवसाला माणशी वीसेक पुरचुंड्या घरीच करून बर्फाच्या पेटीत ठेवा. होडीवर त्या बांधत बसलं की बोटं चिकट होतात आणि नेमका तेव्हाच मासा येतो.

लँप्रे आणि इतर मेलेले मासेही लोक वापरतात. पण मासळीचं आमिष या प्रांतात सरसकट चालत नाही. स्टर्जनसाठी कुठे आणि काय चालतं, ते त्या पट्ट्याच्या नियमात पाहूनच न्या.

७. जागा आणि नांगर

स्टर्जन तळालगत राहतो. सपाट तळ एकदम खोल होतो ती कड, वेगवान आणि संथ पाण्याची शिवण, उपनदीच्या मुखाशी असलेला डोह, अशा जागा धरा. फिश फाइंडर (पाण्यातले मासे पडद्यावर कमानींसारखे दाखवणारं यंत्र) असेल तर तळाला चिकटलेल्या जाड कमानी शोधा. मधल्या पाण्यातल्या कमानी बहुधा सामनच्या. अर्धा-पाऊण तास काहीच हललं नाही तर जागा बदला. तिथेच तासन्‌तास तपश्चर्या करून काही हाती लागत नाही. पुलाखाली मात्र भरती-ओहोटी पाहा: पाणी थबकलं की मासेही बरेचदा थबकतात, ओढ पुन्हा सुरू झाली की फिरू लागतात.

आता नांगर. फ्रेझरवर होड्या बुडतात त्यात याचा मोठा वाटा असतो.

नांगर नेहमी होडीच्या नाळेवरून टाकायचा. मागून कधीच नाही. मागून टाकला की प्रवाह मागची फळी खाली खेचतो, पाणी आत शिरतं, आणि सावरायला वेळ मिळत नाही. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तीन ते पाच पट सोडा. दोराला मोठा तरंगता बोया बांधलेला हवा आणि दोर होडीला अशा आकड्याने अडकवा की एका झटक्यात सुटेल. मोठा मासा लागला की दोर सोडायचा, बोया तिथेच तरंगत राहतो, तुम्ही माशामागे जाता आणि नंतर येऊन नांगर उचलता. नाळेजवळ एक धारदार सुरी ठेवा. वरून ओंडका येऊन दोरावर बसला तर गाठ सोडायला वेळ नसतो.

लाइफ जॅकेट अंगावर घाला, बाकाखाली ठेवू नका. बाहेर तीस अंशांचं ऊन असलं तरी हे बर्फाचं पाणी आहे, आणि पोहता येणाऱ्यालाही प्रवाह नेतो. फेकायची तरंगती दोरी, शिटी, वल्हं, बादली आणि अग्निशामक होडीवर हवेतच.

८. मासा लागला हे कसं ओळखायचं

एवढा मोठा मासा म्हणजे दांडी धाडकन वाकेल, अशी कल्पना असते. तसं क्वचितच होतं. टोक दोनदा-तीनदा हलकंच थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. तो आमिष तोंडात घेऊन पाहत असतो. इथे घाई केलीत की गेला.

दांडी आधारातून अलगद उचला, टोक माशाच्या दिशेने थोडं खाली करा, दोरीत किंचित ढील ठेवा. दोरी सावकाश पण ठामपणे पुढे जाऊ लागली की साधा गळ असेल तर दोन्ही हातांनी एक जोरदार हिसका द्या. गोल वळलेला सर्कल गळ असेल तर हिसका अजिबात नाही, नुसतं रील गुंडाळत ताण वाढवा. तो गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो आणि हिसक्याने उलट निसटतो.

लागल्यावर होडीवरच्या बाकीच्यांनी आपापल्या दांड्या ताबडतोब गुंडाळायच्या. मासा चार दोऱ्यांची वेणी घालतो ती याच अर्ध्या मिनिटात.

९. झुंज

काटा नसलेल्या गळावर एकच नियम: दोरी सैल पडू द्यायची नाही. दांडी वर उचलायची, खाली नेताना गुंडाळायची, पुन्हा उचलायची. दोरी वरच्या दिशेने चढू लागली की मासा उडी मारणार आहे. तेव्हा भराभर गुंडाळा. पट्ट्याचा दांडी-आधार कमरेला लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोटावर काळं-निळं दिसेल.

ब्रेक सैल ठेवून तासभर खेळत राहणं हा पराक्रम नाही. त्यात मासा थकतो, आणि थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. तीन-चार फुटांचा मासा पाच-दहा मिनिटांत आला पाहिजे. आठ फुटी असेल तर नांगर सोडा, होडी त्याच्या मागे न्या आणि शक्यतो संथ, उथळ काठाशी घेऊन या. दोन माणसांनी आळीपाळीने दांडी धरली तर कमीपणा नाही.

१०. मोजणं, फोटो आणि सोडणं

मासा पाण्यातच ठेवायचा. लहान मासा ओल्या, मऊ झोळीत घेता येतो, मोठ्याला होडीत ओढायचं नाही. पाण्याबाहेर त्याचं वजन त्याच्याच आतड्यांवर येतं.

हात आधी ओले करा. कल्ल्यांत बोटं घालू नका, शेपटीला दोरी बांधून लटकवू नका, आकडी मारू नका. पाण्यातच त्याला हलकेच उताणा केला की बहुतेक मासे शांत पडतात. तेवढ्यात चिमट्याने गळ काढा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापा.

लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, घेर पुढच्या परांच्या मागे. फ्रेझर रिव्हर स्टर्जन कॉन्झर्व्हेशन सोसायटी २००० पासून गाइड आणि स्वयंसेवकांच्या मदतीने माशांच्या डोक्यामागे तांदळाच्या दाण्याएवढी चिप्पी बसवते. तुमच्या माशाला चिप्पी असली तर यंत्रावर क्रमांक येतो आणि तो आधी कुठे, किती लांबीचा असताना सापडला होता, हे नंतर कळू शकतं. प्रशिक्षण नसताना स्वतः चिप्पी बसवायला जाऊ नका.

फोटोसाठी माणसांनी पाण्यात उतरायचं, माशाने बाहेर यायचं नाही. कॅमेरा आधीच तयार ठेवा, काठाशी गुडघाभर पाण्यात बसा, माशाखाली दोन्ही हात द्या. सहा जणांचे सहा फोटो काढत बसू नका, एकदाच सगळे बसा. मग त्याचं डोकं प्रवाहाकडे करून धरा. कल्ले एका लयीत हलू लागतील, शेपूट तुमच्या हाताला ढकलेल. तो स्वतः निघेपर्यंत ढकलून देऊ नका. पोट वर करून तरंगला तर पुन्हा धरा, आणखी दहा मिनिटं लागली तरी चालेल.

कोणी स्टर्जन गोणीत घालून नेताना दिसलं तर भांडायला जाऊ नका. गाडीचा क्रमांक टिपा आणि प्रांताच्या चोरट्या शिकारीविरोधी फोनसेवेला कळवा: १-८७७-९५२-७२७७.

११. निघताना आणि परतताना

जून-जुलैत पूर ओसरताना नदीकाठी डासांचे थवे असतात, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डासांचं औषध घ्या. औषध किंवा सनस्क्रीन लावल्यावर हात धुऊनच आमिषाला हात लावा. सकाळी सहाला पाण्यावर थंडी वाजते, अकराला ऊन भाजतं. कपडे थरांत घाला. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर कधी कधी खोऱ्यात उतरतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हवेचा निर्देशांक पाहून निघावं. अंधार पडायच्या आत काठाला लागा.

स्वतःची होडी असेल तर ती पाण्याबाहेर काढल्यावर रस्त्याला लागण्याआधी तळाची बुच्ची काढून सगळं पाणी काढून टाका. परकीय शिंपल्यांचा प्रसार रोखण्यासाठी हे या प्रांतात सक्तीचं आहे. काढलेली बुच्ची गाडीच्या किल्लीलाच अडकवून ठेवा. पुढच्या वेळी ती न लावताच होडी उतारावरून पाण्यात ढकलणारे दर रविवारी धक्क्यावर दिसतात.